रविवारचं पार्किंग: हरकती शुक्रवारपर्यंत

प्रेषक: मेधा (शाळा)
सोमवार, रात्री १०.५२

मंडळी,

हॉलसमोरच्या दिव्याच्या खांबाला नोटीस बांधली आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, पण पिशवीत पाणी शिरून खालचा अर्धा कागद लगदा झालाय. वरचं वाचता आलं ते असं: रस्त्यावर पार्किंगला सध्या असलेला सोमवार ते शुक्रवार ११ ते १२ हा एक तासाचा निर्बंध जाणार आणि त्याऐवजी सोमवार ते रविवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०. रविवारसुद्धा! आपली रविवारची शाळा हॉलमध्ये १० ला भरते. पंचवीस-तीस गाड्या असतात आपल्या. लावायच्या कुठे?

हरकती लेखी, येत्या शुक्रवारपर्यंत. मी एक पत्र तयार करून खाली सगळ्यांची नावं घालते. ज्यांना नाव हवं त्यांनी नुसतं 'हो' कळवा. कृपया फक्त मला, सगळ्या लिस्टला नको.


प्रेषक: शिरीष
हो. आमच्याकडून दोन.


प्रेषक: वैशाली
हो. मेधाताई, म्हणजे शनिवारचा ढोलांचा सरावही आला का यात? तीन ढोल घेऊन स्टेशनपासून चालत येणं शक्य नाही, आधीच सांगते.


प्रेषक: अरुणकाका
मंगळवार, पहाटे ५.३८

मेधा, एका पत्राखाली सह्या नकोत. स्टेशनच्या बाजूचे रस्ते झाले तेव्हा आपण हेच केलं होतं. मी स्वतः दारोदार हिंडून सह्या आणल्या. नंतर अहवाल वाचला तर त्यात 'एक निवेदन प्राप्त' एवढीच ओळ. प्रत्येकाने आपापलं पाठवा.

दुसरं, हे मतदान नाही. मतांची वेळ होती ती आधीच्या सल्लामसलतीत. तेव्हा घरोघरी पत्रकं गेली होती, हॉललाही. त्यात रस्त्यागणिक हो-नाही मोजतात. आता आली आहे ती ट्रॅफिक ऑर्डरची, म्हणजे पार्किंगचे नियम बदलणाऱ्या कौन्सिलच्या हुकुमाची, कायदेशीर नोटीस. १९९६ च्या नियमांप्रमाणे २१ दिवस, हरकत लेखी, आणि त्यात कारण पाहिजे. नुसतं 'आमचा विरोध' लिहून भागत नाही. आणि हे २१ दिवस नोटीस छापून आल्यापासून चालू होतात, आपल्याला खांब दिसल्यापासून नाही.

माझा प्रश्न एवढाच: पत्रक आलं तेव्हा हॉलचं टपाल कोणी उघडलं?


प्रेषक: गिरीश (सचिव)
मंगळवार, सकाळी ८.१५

अरुणकाका, रोख कळला. हॉल आपला नाही, चर्चचा आहे. आपण रविवारी भाड्याने घेतो. टपाल चर्चच्या ऑफिसात जातं, ते उघडायला मला कोणी किल्ली दिलेली नाही. ही गोष्ट मी वार्षिक सभेतही सांगितली होती.

आणखी एक. हॉलसंबंधी चर्चशी बोलणं सचिवामार्फतच होऊ दे. परस्पर कोणी फोन करू नये, मागे भाड्याच्या वेळी काय घोळ झाला तो आठवत असेलच.


प्रेषक: वैशाली
सॉरी गिरीशदादा, मी काल रात्रीच व्हिकरबाईंशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलले. त्या आमच्या शेजारीच राहतात हो! त्यांची सकाळची प्रार्थनाही १० लाच असते, त्यामुळे त्यापण वैतागल्यात.


प्रेषक: सुहास
मंगळवार, दुपारी १.०४

खांबावरच्या पाट्यांवरून आठवलं. गेल्या गणपतीला मखर उतरवताना मला जे तिकीट मिळालं ते याच प्रकारातलं. एकेरी पिवळी रेघ (म्हणजे ठराविक वेळी पार्किंगला मनाई), जवळपास वेळांची पाटी नाही. मी आनंदात. परत येतो तर काचेवर पिवळं पाकीट! मग कळलं की झोन (एकाच वेळांचं पार्किंग बंधन असलेला भाग) असला की एकेरी रेघेजवळ वेगळी पाटी लावायची गरजच नसते. वेळा लिहिलेल्या असतात झोनच्या तोंडाशी, म्हणजे मी दोन वळणं मागे ज्या पाटीखालून चाळीसच्या स्पीडने आलो तिच्यावर. आता सात दिवस झालं तर असे कितीजण सापडतील बघा.

(मखर सुखरूप पोचलं. थर्माकोल नव्हता, यंदा पुठ्ठा होता.)


प्रेषक: नचिकेत
सुहासदादा, चाळीस? तिथे ताशी वीस मैलांची मर्यादा आहे.

बाकी सामान उतरवत असाल तर एकेरी रेघेवर थांबता येतं, फक्त कडेच्या दगडावर पिवळे आडवे फटकारे नसले पाहिजेत. एक फटकारा म्हणजे ठराविक वेळी सामानही उतरवायचं नाही, दोन म्हणजे कधीच नाही. मखराचा फोटो जोडून दाद मागितली असती तर सुटला असतात. भरलंत का लगेच?


प्रेषक: सुहास
भरलं. १४ दिवसांत निम्मं म्हणून भरलं. तिकीट हिच्या हातात पडायच्या आत.


प्रेषक: चारू
मंगळवार, संध्याकाळी ७.४१

नमस्कार. मी सहसा इथे लिहीत नाही, वाचते. आम्ही त्याच रस्त्यावर राहतो, हॉलपासून सहा घरं सोडून. एकोणीस वर्षं झाली.

ते पत्रक आमच्याकडे आलं होतं आणि मी ते भरलं. 'शनिवार-रविवार निर्बंध हवेत का' या चौकोनात मी 'हो' ला खूण केली. लपवायचं कशाला?

वेम्बलीला सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम असला की लोक गाड्या आमच्याकडे लावतात आणि तीन स्टेशनं ट्रेनने जातात. नव्वद हजारांचं स्टेडियम आहे ते. त्याच्या भोवतालच्या रस्त्यांना कार्यक्रमाच्या दिवसापुरतं वेगळं बंधन आहे, ते आमच्यापर्यंत येत नाही, म्हणून सगळा लोंढा आमच्याकडे. रात्री अकराला परत येऊन दारं आपटतात, बाटल्या कुंपणावर ठेवून जातात.

पण रविवार सकाळचं म्हणाल तर ते वेम्बलीवाले नसतात. ते आपलेच असतात. कोजागिरीच्या आधीच्या रविवारी एक राखाडी गाडी आमच्या ड्राइव्हसमोर (गाडी घरात घ्यायची वाट), उतरत्या दगडावर अर्धी आडवी. सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचं होतं. मी हॉलमध्ये येऊन माइकवरून गाडीचा नंबर सांगितला. दोनदा. कोणी उठलं नाही. बटाटेवड्यांची रांग मात्र हलत होती.

तेव्हा कृपया 'रहिवाशांनाही हे नको आहे' असं पत्रात घालू नका. मी रहिवासी आहे.


प्रेषक: मेधा (शाळा)
चारूताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. कोणाची गाडी होती ती?


प्रेषक: शिरीष
राखाडी गाड्या पुष्कळ आहेत मंडळात.


प्रेषक: अरुणकाका
बुधवार, पहाटे ५.२०

चारू, तुझं रास्त आहे. पण ड्राइव्हसमोर गाडी लावणं झोन नसतानाही गुन्हाच आहे. घरमालकाने फोन केला की कौन्सिलचा माणूस येऊन तिकीट लावू शकतो, त्याला सात दिवसांचा झोन लागत नाही.

मुख्य मुद्दा पैशाचा आहे. परमिट, दुसऱ्या गाडीला जास्त, पाहुण्यांची व्हाउचरं. पार्किंग ही कमाईची बाब नव्हे, हे हायकोर्टाने २०१३ मध्ये बार्नेट कौन्सिलच्या खटल्यात सांगितलं आहे. तिथे परमिट ४० पौंडांवरून १०० आणि पाहुण्यांचं व्हाउचर १ पौंडावरून ४ केलं होतं, ते बेकायदा ठरलं. हे प्रत्येकाने हरकतीत लिहावं.


प्रेषक: नचिकेत
काका, पूर्ण आदराने, ते लिहू नये. तो निकाल किमतीबद्दल होता, वेळांबद्दल नाही. बार्नेटला नडलं ते हे, की इतर खर्चासाठी पैसा उभा करायला दर वाढवले होते. १९८४ च्या रस्ता वाहतूक नियमन कायद्यात तसा अधिकार नाही. इथे कौन्सिल म्हणणार, रहिवाशांनी मागितलं म्हणून देतोय. आणि त्यांच्याकडे चारूमावशीचा कागद आहे.


प्रेषक: अरुणकाका
नचिकेत, मी तो निकाल छापून वाचला आहे. पेन्सिलने.


प्रेषक: प्रभाताई
बुधवार, सकाळी ११.३०

मला एवढंच सांगा, माझा निळा बिल्ला (अपंगांचा पार्किंगचा) चालेल की नाही? ह्यांना दोन काठ्या आहेत, भजनाला येतो आम्ही.


प्रेषक: वैशाली
प्रभाताई, पिवळ्या रेघेवर तीन तास चालतो, आल्याची वेळ दाखवणारं ते निळं घड्याळ लावून, फटकारे नसतील तिथे. परमिटच्या चौकटीत चालतो की नाही हे प्रत्येक कौन्सिलचं वेगळं असतं. तुम्ही हरकतीत नेमकं हेच विचारा. हे सगळ्यात मजबूत कारण आहे खरं तर.


प्रेषक: सुहास
पुण्याला बरं, पी-वन पी-टू. सम तारखेला या बाजूला, विषमला त्या बाजूला. पेठेत आमच्या समोरचे आजोबा रात्री बाराच्या ठोक्याला पायजम्यात खाली येऊन स्कूटर पलीकडे न्यायचे. ३१ नंतर १ आली की दोन दिवस सुट्टी.


प्रेषक: नंदन
बुधवार, रात्री ९.१२

मीही त्याच रस्त्यावरचा, हॉलच्या पलीकडच्या टोकाला. आम्ही पुढची बाग काढून गाडीसाठी फरशी केली, त्यामुळे मला स्वतःला झोनचं देणंघेणं नाही. (नाही नचिकेत, पाणी मुरणारी फरशी आहे. पाच चौरस मीटरच्या वर साधी फरशी घालायला २००८ पासून परवानगी लागते, माहीत आहे मला.)

पण अख्ख्या योजनेला विरोध केला तर कौन्सिल ऐकणार नाही, आणि चारूशी भांडण होईल ते वेगळं. एकच मागा: रविवारचं बंधन दुपारी १ पासून सुरू करा. शाळा साडेबाराला सुटते, चर्चही तोवर रिकामं होतं. वेम्बलीची गर्दी दुपारनंतरचीच. अंतिम ऑर्डर काढताना वेळ कमी करणं त्यांना सोपं असतं. वाढवायची झाली तर सगळं पुन्हा छापावं लागतं.


प्रेषक: गिरीश (सचिव)
सूचना चांगली आहे, पण मंडळाची अधिकृत भूमिका म्हणून पाठवायची तर कार्यकारिणीसमोर यायला हवी. पुढची बैठक रविवारी.


प्रेषक: मेधा (शाळा)
गिरीश, मुदत शुक्रवारी आहे.


प्रेषक: गिरीश (सचिव)
मग वैयक्तिक पाठवा. मंडळाचं नाव कोणी घालू नये.


प्रेषक: मेधा (शाळा)
गुरुवार, रात्री ११.१७

ठरलं. प्रत्येकाने आपापलं पाठवा, आपल्या शब्दांत. माझं उचलून चिकटवू नका, सगळी एकसारखी गेली तर पुन्हा 'एक निवेदन'. मुलगा कितवीत, कुठून येता, बस किती वेळाने, हे लिहा. आमच्याकडून रविवारी दोन बस बदलाव्या लागतात, मी तेच लिहिलं. मागणी सगळ्यांची एक: रविवारी १ नंतर.

ऑर्डरचा नंबर विषयाच्या ओळीत हवाच. तो नोटिशीच्या खालच्या, लगदा झालेल्या अर्ध्यात होता. मी आज स्टेशनजवळच्या कोरड्या खांबावरून उतरवून घेतला, सोबत फोटो जोडला आहे. नंबर न घालता पाठवलेलं माझं पहिलं मेल परत आलं.

आणि येत्या रविवारी सुहास आणि शिरीष पिवळं जाकीट घालून चारूताईंच्या आणि शेजारच्या ड्राइव्हसमोर उभे राहतील, १० ते १०.३०. मी त्यांना विचारलेलं नाही, आत्ता सांगतेय.


प्रेषक: चारू
धन्यवाद मेधा. मी शनिवारला पाठिंबा कळवला आहे. रविवार सकाळचा रकाना कोरा सोडला. याहून जास्त माझ्याच्याने होणार नाही.


प्रेषक: वैशाली
व्हिकरबाईंनी त्यांची हरकत सोमवारीच दिली म्हणे. आपल्याआधी.


प्रेषक: शिरीष
शुक्रवार, दुपारी ४.४६

जाकीट माझ्याकडे आहे. आम्हा दोघांचं एकाच मेलवरून पाठवलं तर ते एक धरतील की दोन? हिचा ईमेल पासवर्ड सापडत नाहीये.