माळावरच्या वाऱ्यासाठी ९ मीटरचा पतंग घ्यावा का?

ए-२०३
नमस्कार मंडळी. हा विषय सर्वांच्या कामाचा नाही याची कल्पना आहे, परंतु असे पतंग उडवणारे बी-३०४ मधील काका सोसायटीच्या याच ग्रुपवर असल्यामुळे इथेच विचारतो. माझा भाचा जानेवारीत जर्मनीहून येत आहे. आमच्या चिरंजीवांसाठी तो स्वतःचा वापरलेला ९ चौरस मीटरचा पॉवर काइट, म्हणजे माणसाला ओढून नेणारा मोठा कापडी पतंग, आणायला तयार आहे. त्याचे म्हणणे असे की संभाजीनगर समुद्रापासून दूर असल्यामुळे इथला वारा हलका असणार, म्हणून पतंग जितका मोठा तितका बरा. चिरंजीवांचे वजन ६८ किलो आहे. आधी जागेवर उभे राहून उडवायला आणि जमल्यास पुढे चाकांच्या फळीवरून माळावर फिरायला त्यांना शिकायचे आहे. काका, आपले मत कळवावे.

बी-३०४
भाच्याचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडचा वारा हलका असतो हे खरे, पण तो हलका राहत नाही. आणि पतंगाचे माप वाऱ्याच्या सरासरीवरून नव्हे, तर त्याच्या झोताच्या वरच्या टोकावरून ठरवायचे असते.

पतंगावरची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १० किलोमीटरचा वारा २० झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते, आणि २५ झाला तर सव्वासहा पट. ढोबळ हिशेबाने ५ चौरस मीटरचा पतंग १० च्या वाऱ्यात एका जागी असताना जेमतेम २ किलोची ओढ देतो. २५ च्या झोतात तीच १३ किलोच्या घरात जाते. एवढ्यावर भागले असते तर काळजी नव्हती, परंतु हा पतंग आपल्या संक्रांतीच्या पतंगासारखा ढील देऊन एका जागी ठेवायचा नसतो. तो वाऱ्याला आडवा झेपावतो तेव्हा त्याला लागणारा वारा जमिनीवरच्या वाऱ्याच्या तिप्पट होऊ शकतो आणि ओढ आणखी नऊ पट वाढते. आता १३ ला ९ ने गुणून पाहा आणि चिरंजीवांच्या वजनाशी ताडून पाहा. शिवाय हा हिशेब ५ मीटरचा आहे, ९ चा नव्हे.

किनाऱ्यावर वारा सपाट पाण्यावरून येतो, त्यामुळे तो एकसारखा वाहतो. आपल्या माळावर तो बाभळी, गोठे, पत्र्याची शेड आणि नव्या इमारती ओलांडून येतो, आणि प्रत्येक अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याहूनही पुढे, हवा घुसळलेली असते. त्यात फेब्रुवारीपासून दुपारी जमीन तापली की गरम हवा वर उठते आणि आजूबाजूची हवा तिच्या जागी धावून येते. ज्या माळावर वावटळ उठताना दिसते, त्या माळावर न दिसणाऱ्या दहा वावटळी उठून गेलेल्या असतात असे समजावे. म्हणूनच पाच मिनिटे पान हलत नाही आणि सहाव्या मिनिटाला टोपी उडते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर हा खेळ बराच शांत होतो.

भाच्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. ४० अंशांच्या उन्हात इथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण एक सप्तमांशाने विरळ असते, आणि तेवढ्या प्रमाणात ओढ कमी पडते. परंतु एक सप्तमांशाची तूट भरून काढायला पतंग एवढा मोठा करावा लागत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये, ज्वारी काढलेल्या रानात, वारा पडलेला आहे म्हणून मी नको इतका मोठा पतंग जोडला होता. तो वर गेला, मधल्या शांततेत दुमडून निम्म्यापर्यंत खाली आला आणि नेमका त्याच वेळी झोत आला. कापड फाडकन उघडले आणि मी धसकटांवरून पंधरा-वीस पावले पोटावर घसरत गेलो. गुडघ्यांवरच्या खुणा आजही दाखवता येतील.

तेव्हा माझे मत असे की पहिला पतंग ३ चौरस मीटरचा घ्यावा. तो चार दोऱ्यांचा असावा, दोन हातात दोन मुठी असलेला, आणि ज्याच्या कापडी कप्प्यांची तोंडे पुढून उघडी असतात अशा प्रकारचा. हे कप्पे वाऱ्याने लगेच भरतात आणि पतंग पडला तरी पुन्हा उचलता येतो. आकाराने तो आखूड आणि रुंद असावा. लांबुडका, निमुळता पतंग वेगवान असतो आणि दुकानदार त्याचीच स्तुती करतो, पण वारा मध्येच पडला की तोच आधी दुमडतो. दोऱ्या २० ते २५ मीटरच्या असाव्यात, म्हणजे पतंग जमिनीलगतच्या घुसळणीतून जरा वर राहतो. आणि मनगटाला बांधायचे सुटकेचे पट्टे घेतल्याशिवाय पतंग घेऊच नये. हे पट्टे मागच्या दोन दोऱ्यांना, म्हणजे ब्रेकना, जोडलेले असतात. मुठी सोडून दिल्या की सगळा ताण ब्रेकवर येतो आणि पतंग फडफडत खाली बसतो.

ए-२०३
काका, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. भाच्याला आपला मजकूर पाठवला. तो म्हणतो की त्याच्या पतंगाला आडवी दांडी आहे, झोत आला की ती पुढे ढकलायची म्हणजे पतंगाचा कोन बदलून ओढ लगेच कमी होते. मग माप मोठे असले तरी काय बिघडते?

बी-३०४
दांडीचा उपयोग खरा आहे आणि झोताच्या क्षणी ती नक्कीच मदत करते. अडचण झोताची नसून दोन झोतांमधल्या पोकळीची आहे. वारा पडला की दोऱ्या सैल होतात, सैल दोऱ्यांवर दांडीचा हुकूम चालत नाही, आणि पुढचा झोत येतो तेव्हा पतंग नेमका कुठे तोंड करून आहे हे आपल्या हातात राहिलेले नसते. शिवाय दांडीचा पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला असतो, मुठींसारखा पटकन सोडता येत नाही. त्याची सुटका वेगळी असते आणि ती ओढण्याचा सराव आधी करावा लागतो. भाच्याचा पतंग बंद कप्प्यांचा असेल तर तो मूळचा पाण्यावर वापरण्यासाठी केलेला आहे, हलक्या वाऱ्यात भरायला वेळ घेतो. हवा भरलेल्या नळ्यांचा पतंग असेल तर नावच काढू नये. नळ्यांच्या वजनाने तो वारा पडताच खाली येतो आणि आपल्याकडे बाभळीचा एक काटा त्याला पुरतो.

वर्षभर हात बसल्यावर दांडीच हवी असेल, तर एकाच थराच्या कापडाचा पतंग पाहावा. त्याला भरण्याजोगे कप्पेच नसतात, त्यामुळे वजन कमी आणि थोड्या वाऱ्यातही उचल चांगली. फ्लायसर्फर या जर्मन कंपनीचा पीक हा याच जातीचा आहे, भाच्याला माहीत असेल. जोराच्या वाऱ्यात तो फडफडतो, पण त्या वाऱ्यात आपल्याला मैदानावर जायचेच नाही. एक थर हे काही नवे खूळ नव्हे. अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो यांनी लवचिक पंखाच्या पेटंटसाठी १९४८ मध्ये अर्ज केला, पुढे नासाने त्यावर प्रयोग केले, आणि त्याच घराण्यातले एकपदरी पतंग हौशी लोक आजही घरच्या शिलाई यंत्रावर शिवतात. ते वाऱ्याच्या दिशेनेच ओढतात, आडवे फारसे जात नाहीत, पण झोतात शांत राहतात. वहिनींकडे यंत्र आहे म्हणून सुचवले, आग्रह नाही.

सी-१०२
काका, मला पतंगातले कळत नाही, पण दोरीविषयी विचारायचे आहे. नायलॉन मांजामुळे झालेल्या जखमा मी दवाखान्यात पाहिलेल्या आहेत. ही दोरी कशाची असते?

बी-३०४
ताई, प्रश्न योग्य आहे आणि तो मीच आधी मांडायला हवा होता. ही दोरी डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याची असते. तिला काचेचा लेप नसतो, तिने पतंग काटायचे नसतात आणि ती तुटून झाडांवर लोंबकळत राहावी असा खेळही नाही. तरीही ताणलेली आणि पळती दोरी उघड्या कातडीवरून गेली तर कापते, त्यामुळे दोऱ्यांच्या टप्प्यात कोणीही उभे राहता कामा नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली आहे. आपली दोरी मांजा नव्हे हे आपण म्हणू, पण बंदोबस्तावरच्या हवालदाराला रस्त्यात ते पटवत बसण्यापेक्षा आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारलेले बरे. संक्रांतीच्या आठवड्यात तर ही पिशवी घराबाहेर काढूच नये.

सचिव
सोसायटीची गच्ची आणि मागचे मैदान या कामासाठी मिळणार नाही, हे नोंदवून ठेवतो. मैदानाच्या कडेने महावितरणची लाइन जाते.

ए-२०३
सचिव साहेब, मान्य. जायकवाडी धरणाच्या नाथसागराच्या काठी गेलो तर कसे? तिथे वारा पाण्यावरून येतो.

बी-३०४
वारा उत्तम मिळेल, पण जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे बाहेरून आलेले पक्षी उतरतात; तिथे दोऱ्या ताणणे मला पटत नाही. म्हैसमाळही नको, कड्याच्या टोकाला वारा वर उचलतो आणि कड्यामागे तोच भोवऱ्यासारखा फिरतो. चिकलठाण्याच्या बाजूला विमानतळ असल्यामुळे तोही विषय संपला. ओळखीतल्या कोणाचे रब्बीनंतर मोकळे झालेले रान पाहावे. कपाशीचे नको, पऱ्हाट्यांमध्ये दोऱ्या अशा गुंततात की सोडवताना दिवस मावळतो. वारा येतो त्या बाजूला निदान दोनशे पावले झाड नको, विहीर आणि तारा कोणत्याच बाजूला नकोत.

ए-२०३
मेहुण्यांचे पैठण रस्त्याला हरभऱ्याचे रान आहे, ते विचारून ठेवतो. भाच्याला ९ मीटरचा पतंग स्वतःजवळच ठेवायला आणि ३ चा मिळाला तर पाहायला सांगितले आहे. चिरंजीव थोडे हिरमुसले आहेत.

बी-३०४
त्यांना या रविवारी साडेचार वाजता माझ्याबरोबर त्या रानाच्या बांधावर पाठवा, पतंगाशिवाय. माझ्याकडे वारामापक आहे. दर मिनिटाला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा वहीत लिहायचा, असे दिवस मावळेपर्यंत. वही आणि पेन त्यांनी आणावे, टोपीही आणावी.