शिफ्टची नोकरी सांभाळून बँकेची तयारी जमेल का, का सोडूनच द्यावी नोकरी?

चाकणचा_शिफ्टवाला:
नमस्कार मंडळी. मी चाकण एमआयडीसीत एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, बीएस्सी झालंय, वय २६, ओबीसी. शिफ्ट दर आठवड्याला फिरते, फर्स्ट सेकंड थर्ड, आणि कंपनीच्या बसने जाऊन येऊन अजून दीड-दोन तास जातात. आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांची भरती घेणाऱ्या संस्थेच्या, क्लर्क आणि पीओ (अधिकारी) दोन्ही परीक्षा द्यायच्यात. अडचण अशी की माझं सगळं शिक्षण मराठी मिडीयमचं, रिझनिंग बरं जमतं पण गणितात स्पीड नाही आणि इंग्लिशचा पॅसेज बघितला की छातीत धडधडतं. क्लासवाले म्हणतात की नोकरी सोडून फुल टाइम बसलास तरच होईल, पण घरी वडिलांची कोरडवाहू शेती, बहीण नर्सिंगला आहे, तिची फी माझ्याच पगारातून जाते. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात पुस्तक उघडलं की अक्षरं पोहायला लागतात, मग तो आठवडा गेला, पुढच्या आठवड्यात परत पहिल्यापासून. ज्यांनी नोकरी करता करता काढलीय त्यांनी प्लीज सांगा, रोज किती तास अभ्यास केला आणि नेमकं काय केलं.

शाखेतली_ताई:
भाऊ, नोकरी सोडू नकोस, हे आधीच सांगून टाकते. मी पुण्यात एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला असताना पीओ झाले, आता सरकारी बँकेत आहे. जाहिरात, प्रिलिम्स म्हणजे पूर्व परीक्षा, मेन्स म्हणजे मुख्य परीक्षा, इंटरव्ह्यू, मग अलॉटमेंट असं करता करता सगळी प्रोसेस कित्येक महिने चालते आणि एवढा काळ बहिणीच्या फीचं टेन्शन डोक्यावर घेऊन कोणाचाच अभ्यास होत नाही. पगार चालू असला की एक प्रिलिम्स गेली तरी माणूस दुसऱ्या दिवशी परत पुस्तक उघडतो.

आता तासांचं. किती तास हा प्रश्नच बाजूला ठेव, तुझ्या तीन शिफ्ट तीन वेगळ्या प्रकारचे आठवडे देतात तसं वाटून घे. सेकंड शिफ्टचा आठवडा तुझा सोन्याचा, झोप झालेली असते, सकाळी आठ ते अकरा डोकं ताजं असतं, नवीन चॅप्टर, डीआय (तक्ते-आलेखांवरची गणितं), अवघड पझल सगळं त्या आठवड्यात. फर्स्ट शिफ्टला संध्याकाळी एक पूर्ण मॉक, म्हणजे सराव पेपर, आणि मॉक जितका वेळ चालला त्याच्या दुप्पट वेळ तो तपासायला. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात नवीन काहीच घ्यायचं नाही, मॉकपण नाही, फक्त जुन्या वहीची उजळणी आणि इंग्लिश वाचन, आणि झोप पूर्ण. अक्षरं पोहायला लागतात ती झोपेमुळे, तुझ्या अकलेचा त्यात काही संबंध नाही, म्हणून त्या आठवड्याला स्वतःला शिव्या घालणं बंद कर.

गणिताच्या स्पीडचं सांगते. प्रिलिम्सला गणिताचे ३५ प्रश्न आणि २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३४ सेकंद, त्यात वाचणंपण आलं. एवढ्या वेळात पेनाने गुणाकार करत बसलास तर संपलं. वर्ग ३० पर्यंत, घन २० पर्यंत आणि अपूर्णांकांचे टक्के तोंडपाठ पाहिजेत, १/७ म्हणजे १४.२८, १/८ म्हणजे १२.५, १/११ म्हणजे ९.०९ असे. मग ३५० चे ४२.८४ टक्के साधारण किती असं आलं की डोळ्याला ते सरळ ३/७ दिसतं आणि उत्तर १५०, पेन टेकवायची गरज नाही. ६४८ चे ३७.५ टक्के म्हणजे ३/८, ८१ गुणिले ३, २४३. हे पाठांतर बसमध्ये उभ्याने होतं, त्याला टेबल लागत नाही. सिरीजचंपण तसंच, ७, ८, १८, ५७ दिसलं की १ ने गुणून १ मिळव, २ ने गुणून २ मिळव, ३ ने गुणून ३ मिळव, पुढचा २३२, असे नमुने रोज दहा-पंधरा बघितले की डोळ्याला सवय होते.

आणि सोडायला शिक. चार चुकले की एक बरोबर आलेला जातो, पाव मार्काचं निगेटिव्ह आहे. रिझनिंगला आधी इनइक्वॅलिटी, सिलॉजिझम असलं सुटं उरकायचं, मग पझलला हात घालायचा, आणि दोन मिनिटात पझलची पहिली पक्की जागा सापडली नाही तर पुढचं पझल. आयबीपीएसला प्रत्येक सेक्शनचा वेगळा कटऑफ (किमान मार्क) असतो, म्हणून रिझनिंगला भरपूर मार्क पडले तरी इंग्लिशला कटऑफ गाठला नाही तर उपयोग नाही, हे मराठी मिडीयमवाल्यांनी कायम लक्षात ठेवायचं.

लातूरकर_०७:
ताईंचं बरोबर आहे पण सगळ्यांनाच लागू होत नाही असं मला वाटतं. मी नोकरी सोडून लातूरला अभ्यासिकेत बसलो आणि ग्रामीण बँकेत लागलो. बारा-बारा तासांची ड्युटी असेल, रविवारीपण बोलवत असतील, तर माणूस वर्षानुवर्षं नुसता फॉर्म भरत राहतो, बघितलेत असे मित्र. माझ्या घरी भावाचा पगार होता म्हणून मला जमलं. शिफ्टवाल्या भावा तुझ्या घरी दुसरा आधार नाही, तर तू सोडू नकोस हे मीपण म्हणेन, पण मेन्सच्या आधी महिनाभर मोकळं मिळायलाच पाहिजे. त्यासाठी वर्षभर पीएल (पगारी रजा) जपून ठेव. प्रिलिम्सला एक-दोन दिवस बास होतात, सगळी सुट्टी मेन्ससाठी, कारण प्रिलिम्सचा निकाल आणि मेन्स यांच्यात फार दिवस देत नाहीत आणि क्लर्कच्या मेरिटला फक्त मेन्सचे मार्क धरतात, प्रिलिम्स फक्त पास व्हायची. गावाकडच्या लग्नांना आणि जत्रेला सुट्ट्या घालवल्यास तर ऐन वेळी सुपरवायझरच्या पाया पडावं लागेल.

आणि तू आरआरबी, म्हणजे ग्रामीण बँकांची परीक्षा, का देत नाहीस? ऑफिस असिस्टंटच्या प्रिलिम्सला इंग्लिशच नाही, ४० रिझनिंग, ४० गणित, ४५ मिनिटं, पेपर मराठीत घेता येतो. मेन्सला इंग्लिश किंवा हिंदी यातलं एक निवडता येतं. आपली महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून एकच झाल्यात, तेव्हा राज्यात आता ग्रामीण बँक एकच. तुझं रिझनिंग चांगलं आहे, हा पेपर तुझ्यासाठीच आहे असं समज.

पतसंस्था_संगमनेर:
मी एका पतसंस्थेत कॅशला आहे, सकाळी दहा ते रात्री कॅश जुळेपर्यंत, आणि मार्चएंडला तर घर दिसत नाही. क्लर्कची मेन्स दिलीय, प्रतीक्षा यादीत आहे, म्हणून जेवढं माहितीय तेवढं सांगते. जनरल अवेअरनेस शेवटच्या महिन्यावर ठेवू नको दादा, मेन्समधे कमी वेळात जास्त मार्क तिथेच मिळतात, गणितासारखं कागद काळा करावा लागत नाही, येतं किंवा येत नाही. मी रोज जेवणाच्या सुट्टीत फक्त रिझर्व्ह बँकेच्या आणि अर्थखात्याच्या बातम्या वाचते आणि वहीत एकेक ओळ लिहिते. पतधोरण समितीत सहा जण, तीन रिझर्व्ह बँकेचे तीन सरकारने नेमलेले, ९० दिवस हप्ता थकला की कर्ज एनपीए (थकीत), ठेव विमा ५ लाखापर्यंत, असलं. आमच्याकडे ठेवीदार येऊन विचारतात की बँकेसारखा आमच्या पैशाचापण विमा आहे का, तर पतसंस्थेच्या ठेवीला तो डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा नसतो, हे काउंटरवर समजावून सांगता सांगता माझं ते प्रकरण कायमचं पाठ झालं. तूपण कंपनीत जे बघतोस त्याला बँकिंगशी जोडून बघ.

इंग्लिशचं म्हणशील तर मलापण घाम फुटायचा. ग्रामरची जाड पुस्तकं बाजूला ठेवून रोज एका इंग्रजी पेपरचा एक अग्रलेख, तोपण मोठ्याने वाचायला लागले, न कळलेले शब्द पाचच लिहायचे, पन्नास नाही. पॅसेजमधे आधी प्रश्न वाचून मग उतारा. क्लोज टेस्ट (उताऱ्यात गाळलेले शब्द भरायचे) आणि एरर शोधायचे प्रश्न आधी सोडवून घ्यायचे, तिथे वेळ कमी लागतो.

चाकणचा_शिफ्टवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं शिफ्टप्रमाणे वाटून घ्यायचं तर डोक्यातच आलं नव्हतं, मी सगळे आठवडे सारखेच धरून चाललो होतो. अजून तीन शंका आहेत. एक, परीक्षेच्या दिवशी थर्ड शिफ्ट आली तर काय करायचं. दोन, फॉर्म भरताना कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र) लागते का, एचआरला कळलं तर प्रमोशन अडकवतील अशी भीती वाटते. आणि तीन, पीओच्या इंटरव्ह्यूला मी फॅक्टरीतला माणूस काय बोलणार, माझा बँकेशी संबंध फक्त पासबुक भरून आणण्यापुरता.

शाखेतली_ताई:
परीक्षा बहुतेक शनिवार-रविवारी असतात. कॉल लेटर आलं की त्याच दिवशी कुणाशी तरी शिफ्ट बदलून घे, शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. आदल्या रात्री थर्ड करून सकाळच्या पेपरला जायचं नाही म्हणजे नाही, एका दिवसाचा पगार गेला तरी चालेल. कॉल लेटर, ओळखपत्र, फोटो हे एका फाईलमधे आणि सेंटरला एकदा आदल्या दिवशी जाऊन ये, भोसरी-वाघोलीकडची कॉलेजं शोधताना पोरं वेळेत पोचत नाहीत.

एनओसी सरकारी, निमसरकारी आणि सरकारी बँकेतल्या लोकांना लागते. तू खाजगीत आहेस, तुला फॉर्म भरताना लागत नाही, निवड झाल्यावर जॉइन होताना रिलीव्हिंग लेटर लागेल. तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमधे नोटीस पीरियड किती आहे ते आजच बघून ठेव, ऑफर आल्यावर तीन महिन्यांचा नोटीस निघाला की धावपळ होते. तोपर्यंत एचआरला सांगायची काही गरज नाही, तू कुणाचं काही चोरत नाहीयेस.

अजून एक, ओबीसीचं नॉन क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही तपास. ते काढायला तहसील आणि प्रांत ऑफिसला खेटे घालावे लागतात, तुझ्या सेकंड शिफ्टच्या एखाद्या आठवड्यात सकाळी उरकून टाक. क्रेडिट कार्ड किंवा बाईकचा हप्ता थकला असेल तर तोही भरून टाक, जॉइनिंगच्या वेळी बँका क्रेडिट हिस्ट्री बघतात.

आता इंटरव्ह्यू. तुझ्याकडे काही नाही असं कोण म्हणालं? तुमची कंपनी मोठ्या गाडीवाल्यांना माल देते ना, मग पैसे किती दिवसांनी येतात, तोपर्यंत पगार आणि कच्चा माल कशातून, बँकेच्या कॅश क्रेडिट लिमिटमधून (रोजच्या खर्चासाठीच्या कर्जातून), त्या लिमिटसाठी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं, ते स्टोअरवाल्याला विचार. छोट्या व्हेंडरची बिलं मोठ्या कंपनीने मान्य केली की ट्रेड्स नावाच्या ऑनलाइन बाजारात विकून लवकर पैसे मिळतात, ते कसं चालतं ते वाच. १ एप्रिल २०२५ पासून एमएसएमईची व्याख्या बदललीय, सूक्ष्मला गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटीपर्यंत, लघुला २५ आणि १००, मध्यमला १२५ आणि ५००, तुझी कंपनी आणि तुमचे व्हेंडर यात कुठे बसतात ते शोधून काढ. माझ्या पॅनेलने मला अर्धा वेळ माझ्या आधीच्या नोकरीवरच विचारलं होतं. नोकरी का सोडताय हे तर विचारतातच, त्याला कंपनीच्या तक्रारी सांगू नकोस, उद्योगाला कर्ज कुठे अडतं हे आतून बघितलंय ते सांग.

लातूरकर_०७:
ताई ट्रेड्सचं भारी सांगितलंत, मला नव्हतं सुचलं. भावा एक विसरलो, स्टेट बँकेचा क्लर्कपण भर, प्रिलिम्सला सेक्शनचा कटऑफ नसतो, एकूण मार्कांवर ठरतं, इंग्लिश कच्चं असलेल्याला तिथे जरा दम घ्यायला जागा आहे. मराठी दहावीला किंवा बारावीला घेतलेली असेल तर भाषेच्या परीक्षेतून सूट मिळते, मार्कशीट शोधून ठेव. पण एकाच वेळी सगळ्यांच्या मागे धावू नकोस, अभ्यास प्रिलिम्सचा जवळपास सारखाच असतो, मॉक मात्र जी परीक्षा जवळ आलीय तिच्याच पॅटर्नचे दे, आणि पॅटर्न मधेच बदलतात म्हणून दर वर्षी नवीन जाहिरात स्वतः वाच, यूट्यूबवाल्याचं ऐकून नाही.

पतसंस्था_संगमनेर:
दादा फॉर्मवर इंग्रजीतलं डिक्लरेशन स्वतःच्या अक्षरात लिहून अपलोड करायचं असतं, कॅपिटलमधे चालत नाही आणि दुसऱ्याच्या अक्षरातपण नाही. आमच्याकडे एकाने सायबर कॅफेवाल्याकडून लिहून घेतलं होतं, फॉर्म बाद. एखाद्या निवांत दिवशी घरी पांढऱ्या कागदावर लिहून स्कॅन करून ठेव. आणि तुझ्या बहिणीला सांग तुझे पाच-पाच शब्द रोज विचारायला, नर्सिंगचं सगळं इंग्लिशमधेच असतं, तिलापण उपयोग होईल.