घरून बॅकएंडचं काम, बजेट 40 हजार: कोणता लॅपटॉप घेऊ आणि त्यावर काय टाकू?

कळवा स्लो

नमस्कार. नोकरी सोडली, ऑफिसचा लॅपटॉप परत गेला, आणि आता दोन क्लायंटची कामं घरून करते. बॅकएंड म्हणजे वेबसाइटच्या पडद्यामागचं काम: पायथन आणि जँगोत कोड, पोस्टग्रेस आणि रेडिसमध्ये डेटा, आणि हे सगळं डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये). हाताशी उरलाय तो 2016 साली कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप: सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, विंडोज 10. हा प्रोसेसर विंडोज 11च्या यादीत बसत नाही, आणि 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. दुसऱ्याचा डेटा असलेलं मशीन असं उघडं ठेवायला माझं मन घेत नाही.

डॉकर चालू, क्रोममध्ये आठ-दहा टॅब, त्यात मीटिंग लागली की माउसचा बाण अडखळत सरकतो. मागच्या मंगळवारी क्लायंटला स्क्रीन दाखवत होते आणि चार मिनिटं काही हललंच नाही. समोरचे काही बोलले नाहीत, पण मला रात्रभर झोप नव्हती.

बजेट 40 हजार, फार ओढाताण केली तर 45. आठवड्यातून दोनदा अंधेरीला जाते. कळव्याहून घाटकोपर, पुढे मेट्रो. बॅग पोटाशी धरून उभी असते, म्हणून वजनाचंही बघायचंय. चुलतभाऊ म्हणतो मॅकच घे, मैत्रीण म्हणते विंडोज काढून लिनक्स टाक. मला कामाला काय लागेल ते सांगा.

भांडुपकर

ताई, आधी विकत काही घेऊ नका. आज रात्री एक पेनड्राइव्ह घ्या, त्यावर उबुंटू (लिनक्सचीच एक मोफत आवृत्ती) 24.04 एलटीएस तयार करा आणि जुन्या लॅपटॉपवरच चालवून बघा. एलटीएस म्हणजे पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळणारी आवृत्ती. डॉकरसाठी विंडोजला आत एक वेगळं लिनक्स उभं करावं लागतं, ते रॅमचा मोठा घास घेतं. लिनक्सवर ती मधली पायरीच नाही, कंटेनर थेट चालतात. 8 जीबीत चमत्कार होणार नाही, पण नवीन मशीन येईपर्यंत तग धरेल. कामाची प्रत दुसरीकडे काढून ठेवल्याशिवाय मात्र डिस्क पुसू नका.

दुसरं, तुमचा कोड शेवटी लिनक्स सर्व्हरवर जाणार. मी चौदा वर्षं सर्व्हर सांभाळतोय. "माझ्याकडे चालत होतं" हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं, त्यातले कितीतरी घोळ फाइलच्या नावातल्या कॅपिटल-स्मॉल अक्षरांचे निघाले. विंडोज आणि मॅक दोन्ही एरवी तो फरक मानत नाहीत, लिनक्स मानतं. तो घोळ सर्व्हरवर सापडण्याऐवजी घरी सापडलेला बरा.

आता मशीन. 40 हजारांत नवीन घ्यायला गेलात तर बऱ्याचदा 8 जीबी बोर्डवर चिकटवलेली मिळेल. त्यापेक्षा ऑफिसांतून बाहेर पडलेला जुना लॅपटॉप, लेनोवोचा थिंकपॅड टी480 बघा. रॅमचे दोन स्लॉट आहेत, 16 आज टाका, पुढे वाढवा. मागची बॅटरी खटका सरकवून निघते आणि आत दुसरी छोटी असते, त्यामुळे लॅपटॉप बंद न करता मागची बदलता येते. बहुतेकांत आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो, म्हणजे उद्या गरज पडली तर विंडोज 11ही चालेल. नावापुढे "एस" असलेलं मॉडेल हलकं असतं, पण त्यात थोडी रॅम चिकटवलेली आणि स्लॉट एकच. स्क्रीन 1920 बाय 1080 आहे ना ते विचाराच. 1366वाली बरीच फिरतात आणि त्यावर दिवसभर कोड वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. वजन पावणेदोन किलोच्या आसपास धरा.

खरेदीचं नीट सांगतो, कारण मी एकदा फसलोय. लॅमिंग्टन रोडवर (पाटी डॉ. भडकमकर मार्गाची, ग्रँट रोडला उतरायचं) एका दुकानात विंडोज झकास चालताना दाखवलं, मी पैसे मोजले. घरी येऊन पेनड्राइव्ह लावला तर बायोसने (विंडोजच्याही आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) पासवर्ड मागितला. कुठल्यातरी कंपनीने घातलेला, दुकानदारालाही ठाऊक नाही. तीन शनिवार हेलपाटे घातले तेव्हा मशीन बदलून मिळालं. तेव्हापासून उबुंटूचा पेनड्राइव्ह खिशात घेऊनच जातो आणि दुकानातच त्यावरून लॅपटॉप सुरू करतो. बायोसमध्ये शिरता आलं पाहिजे. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का. झाकण मिटून पाच मिनिटं तसंच ठेवा, उघडल्यावर जागा होतो का बघा. एकूण एक कळ दाबा. बॅटरीची मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता दोन्ही आकडे उबुंटूत दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा. पैसे देण्याआधी विंडोज पूर्ण रिसेट करून मोबाइलच्या इंटरनेटला जोडायला लावा. जुन्या कंपनीचं लॉगिन पान आलं तर उठून या. आणि बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर असलेलं.

शनिवारी सकाळी जा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

पार्ल्याची

भांडुपकरांचं बहुतेक पटतं, पण मॅकला सरळ बाजूला सारू नका. तुम्हाला कधी आयफोनचं ॲप करायचं असेल तर त्यासाठीचं ॲपलचं सॉफ्टवेअर, एक्सकोड, मॅकशिवाय चालत नाही, तिथे पर्यायच नाही. मी एम1 एअर वापरते, पंखा नाही, आवाज नाही, दिवसभर चार्जर काढत नाही. सव्वा किलोच्या आसपास वजन आहे, लोकलमध्ये ते खांद्याला कळतं.

पण तुमच्या बजेटमध्ये जुना 8 जीबीवालाच येईल, आणि मॅकची रॅम नंतर वाढत नाही. स्वस्त मिळतो म्हणून इंटेलवाला मॅक अजिबात घेऊ नका, ॲपलने मॅकओएस 26 ही त्यांच्यासाठी शेवटची आवृत्ती असल्याचं जाहीर केलंय. शिवाय एम1सारख्या मॅकवर बनवलेली डॉकर इमेज (सर्व्हरवर चढवायचं तयार पॅकेज) एरवी एआरएम, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठीची असते. मी ती एकदा तशीच इंटेलच्या सर्व्हरवर चढवली, सुरूच होईना. बिल्ड करताना प्लॅटफॉर्म सांगायचा राहिला होता. एक अख्खी संध्याकाळ गेली.

गिरगावकर

एक राहिलं. हिशेबाचं टॅली लागत असेल तर विंडोज हवंच, डिजिटल सहीच्या डोंगललाही तेच सोयीचं. तेव्हा विंडोज 11 आणि आत डब्ल्यूएसएल 2, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय. फक्त प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या आतल्या फोल्डरमध्ये ठेवा. बाहेरून फाइली वाचायला ते फार वेळ घेतं.

कळवा स्लो

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅली नाही, आयफोन ॲपही नाही, म्हणून लिनक्स ठरवलं. त्याच रात्री जुन्यावर उबुंटू टाकलं आणि पहिल्याच रनला टेम्पलेट (पानाच्या साच्याची फाइल) सापडत नाही म्हणून एरर. फाइलचं नाव कॅपिटल आयने सुरू होणारं, कोडमध्ये स्मॉल आय. हेच इन्व्हॉइसचं पान महिन्यापूर्वी सर्व्हरवर दोन दिवस बंद होतं आणि मी विंडोजवर परत परत चालवून बघत होते, तिथे कुठे काही दिसेना.

शनिवारी बाबांना घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. पहिल्या दुकानात पेनड्राइव्ह लावू देईनात, तिथून निघालो. दुसऱ्या ठिकाणी काकांनी स्टूल दिलं, म्हणाले, सावकाश बघ. टी480, 16 जीबी, 1080ची स्क्रीन, 26 हजार. आतली बॅटरी ठीक, मागची निम्म्याखाली होती, ती त्यांनी वेगळे 2 हजार घेऊन नवी बसवून दिली. झाकण मिटून ठेवलेली पाच मिनिटं बाबा घड्याळ बघत बसले होते.

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधूनच मिळाला, हे त्यावरच लिहितेय. बुधवारी अंधेरीला नेणार आहे, चार्जर घरी ठेवून.