अनुभव धागा : बाइकचे इंडिकेटर पहिल्यांदाच स्वतः बदलताना

इंडिकेटर तुटतो, आपण नवा जोड आणतो, 'दोन वायरी तर जोडायच्यात' म्हणतो आणि अख्खी दुपार सीट काढून गाडीसमोर उकिडवे बसतो. ज्यांनी हे काम नवखेपणी हातात घेतलं, त्यांनी लिहा. नुसतं 'झालं एकदाचं' नको, कुठे अडलं आणि कसं सुटलं ते सांगा.

—

जुने १० वॅटचे बल्ब काढून एलईडी लावले, तर इंडिकेटर पिसाळल्यासारखे फडफडायला लागले. जोडणी ठीक होती, अडचण फ्लॅशरची, म्हणजे दिव्यांची उघडझाप करणाऱ्या डबीची. पुढचा-मागचा मिळून २० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअरच्या आसपास. एलईडी त्यातला जेमतेम अंश ओढतो, त्यामुळे जुना फ्लॅशर समजतो की बल्ब उडालाय. एलईडीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला. त्याला बहुधा तिसरी पिन असते, ती अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या वाटेला.

—

रेझिस्टर (बल्बसारखा जादा करंट ओढणारा भाग) लावूनही वेग ताळ्यावर येतो, पण तो चटका बसेल इतका तापतो. प्लास्टिकपासून लांब, चेसिसच्या लोखंडावर आवळा. एलईडीने वाचवलेली वीज अशी तापवण्यात घालवायची, हे मला काही पटत नाही.

—

माझी गंमत वेगळी. फ्लॅशर बदलला, वेग सुधारला, पण बटण डावीकडे सरकवलं की चारही दिवे! मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच बारका दिवा होता. तो डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला. डावीकडचा करंट त्यातून पलीकडे जातो आणि उजव्या इंडिकेटरमधून अर्थ गाठतो. एवढ्याशा करंटने बल्ब पेटत नाही, एलईडीला मात्र तो पुरतो.

उपाय स्वस्तातला, दोन १एन४००७ डायोड. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो, बाहेर पडायचं टोक त्यावरच्या पट्ट्याने कळतं. डाव्या वायरीवर एक, उजव्या वायरीवर एक, दोघांची पट्ट्याकडची टोकं एकत्र करून दिव्याच्या एका वायरीला. दिव्याची दुसरी वायर अर्थला. पट्टा दिव्याकडेच हवा, उलट लावला तर दिवा पेटणारच नाही.

—

रंगांवर जाऊ नका. होंडाच्या गाड्यांत सहसा हिरवी वायर अर्थ, आणि काळीत किल्ली फिरवताच करंट येतो! डावा नारिंगी, उजवा आकाशी. यामाहात काळी अर्थ, डावा चॉकलेटी, उजवा गडद हिरवा. नव्या इंडिकेटरचे रंग तर बनवणाऱ्याच्या मर्जीवर. टेस्ट लॅम्पने (करंट आहे का ते दाखवणाऱ्या दिव्याने) तपासा. बल्बला उलटसुलट चालतं, एलईडी उलटा जोडला की पेटत नाही.

—

मागचा उजवा मंद, बाकी तीन झकास. इंडिकेटर एका वायरीचा, अर्थ बॉडीतून घेणारा, आणि त्याची पट्टी नव्याने रंगवलेली. नटाखालचा रंग कानशीने चकचकीत होईपर्यंत खरवडला आणि उजेड आला. फायबरच्या मडगार्डवर हेही जमणार नाही, तिथे अर्थची वेगळी वायर ओढावी लागते.

—

सगळ्यांना एकच विचारतो, जोड पक्के कसे केलेत? मी पिळून टेप गुंडाळलाय.

—

टेप उन्हात चिकटा सोडतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, बुलेट कनेक्टर (एकमेकांत बसणारी गोल धातूची टोकं) दाबून बसवा, वर हीट-श्रिंक, म्हणजे तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी. ती नळी वायरीत आधी ओवायची असते बरं का! आणि वायरी बांधायचे केबल टाय आवळण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जाता कामा नये.