मदत हवी: उजव्या कानात दडा बसलाय, सुटत नाही (बेळगाव)

उद्यमबाग_शिफ्ट · मंगळवार, रात्री ९.१२
कान बसलाय. नाक दाबून फुंकलं, वाफ घेतली, बडने साफ केला, काही उपयोग नाही. थेंब कुठले घालू एवढंच सांगा. शनिवारशिवाय डॉक्टरकडे जायला वेळ नाही. लवकर सांगा.

निपाणीची_सून · ९.२०
किती दिवस झाले? दुखतंय का? पू, पाणी? वय काय? काहीच न सांगता थेंब मागताय.

जांबोटी_मध · ९.२३
लसणाची पाकळी खोबरेल तेलात तळायची, कोमट झालं की दोन थेंब कानात. सकाळपर्यंत मोकळा. आमच्या आजीने कधी डॉक्टरचं तोंड बघितलं नाही.

निपाणीची_सून · ९.२६
तेल अजिबात घालू नका! पडद्याला भोक असेल तर ते सरळ मधल्या कानात जातं. माझ्या धाकट्या दिराचा कान असाच वाहायला लागला होता. आणि बडने मळ बाहेर येत नाही हो, आत ठासला जातो.

तंबाखू_बाजार · ९.२९
चिमूटभर तपकीर ओढा. दोन सणसणीत शिंका आल्या की कान खाडकन सुटतो.

निपाणीची_सून · ९.३१
आमच्याच घरी तंबाखूची वखार होती, तपकिरीचं मला सांगू नका. सर्दीत नाकाचं अस्तर आधीच सुजलेलं असतं, त्यात ती ओढायची?

उद्यमबाग_शिफ्ट · ९.४०
वय ४६. दुखत नाही. उजवा कान. रविवारी चोर्ल्यातून गोव्याला जाऊन आलो, सर्दी होतीच. घाटातच बसला. आता थेंब सांगा.

मास्तर_निवृत्त · ९.५२
मग कोडं सुटलं. पडद्यामागे मधला कान, त्यात हातोडा, ऐरण, रिकीब ही तीन हाडं. तिथून एक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. कंठकर्ण नलिका. मोठ्या माणसात साधारण साडेतीन सेंटीमीटर. एरवी मिटलेली असते, गिळताना, जांभई देताना उघडते आणि आतबाहेर हवेचा दाब सारखा होतो. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, गोवा समुद्राला टेकलेला. घाट उतरताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो. सर्दीने नळीचं तोंड सुजलेलं असलं की हवा आत जाणार कशी? लहान मुलांची नळी आखूड आणि आडवी, म्हणून सर्दी झाली की त्यांचे कान लगेच दुखतात. नाक दाबून फुंकायचं तर हळू. जोर लावू नका.

चोर्ला_नको_रे · ९.५८
त्या रस्त्यावर कान काय, कंबरसुद्धा राहत नाही. कणकुंबीच्या पुढे खड्डे बघितले का? मी आता आंबोलीतूनच जातो.

फिरती_खोली · १०.०४
माझं पण कानाचंच होतं. कूस बदलली की घर गरागरा फिरायचं. आतल्या कानात बारीक खडे असतात, ते जागा सोडतात. डॉक्टरांनी खाटेवर आडवं करून डोकं ठरावीक पद्धतीने वळवलं, दोन खेपांत बरं. तुम्हीही करून घ्या.

निपाणीची_सून · १०.०६
त्यांना चक्कर कुठे आलीय?

शुद्ध_स्वर · १०.१५
मी दवाखान्यात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची चाचणी, करते, डॉक्टर नाही. दादा, घाटात बसला म्हणजे नक्की कधी? रविवारी रात्री जेवताना नीट ऐकू येत होतं का?

उद्यमबाग_शिफ्ट · १०.२१
घाटात दोन्ही कान बसले होते, खाली गोव्यात साखळी गावात चहा प्यायला थांबलो तेव्हा सुटले. येताना काही नाही. रात्री टीव्ही बघितला. सोमवारी अलार्म वाजलाच नाही, पहिली शिफ्ट चुकली. बायको म्हणते वाजत होता. त्यावरून भांडण. मी डाव्या कुशीवर झोपतो.

शुद्ध_स्वर · १०.२४
डावा कान उशीत, उजवा वर. अलार्म वाजला असणार, उजव्याला आलाच नाही. घाटातला दडा सुटला होता, हे त्यानंतरचं आहे.

एक करून बघा. डाव्या कानात बोट घाला, तोंड मिटून 'म्म्म' करा. आवाज बोटाच्या बाजूला गोळा होईल. मळाने किंवा दड्याने बंद झालेला कान असाच वागतो, आवाज त्याच बाजूला मोठा येतो. आता बोट काढून करा. कुठे येतो?

उद्यमबाग_शिफ्ट · १०.२७
डावीकडे. तीनदा केलं. उजवीकडे नुसता सूं आवाज, शेजारच्या घरात मिक्सर चालू असल्यासारखा. तो सोमवारपासून आहे, सांगायचं राहिलं.

शुद्ध_स्वर · १०.३०
नुसता दडा असता तर आवाज उजवीकडे आला असता. मग उद्या सकाळीच जा. शनिवार नको. हे 'म्म्म' म्हणजे पक्कं निदान नव्हे. डॉक्टर कपाळावर ट्यूनिंग फोर्क ठेवून हेच बघतात, मग ऑडिओमेट्री. पण आतल्या कानाचं, नसेचं असेल तर त्याला थेंब नाहीत. बहुतेक स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, आणि त्या पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हायला लागतात. दोन आठवडे गेले की फारसा उपयोग होत नाही. वेळेत घेतल्या तरी सगळ्यांचं परत येतंच असं नाही.

जांबोटी_मध · १०.३४
आता स्टिरॉइड! दड्यासाठी? बिचाऱ्याला घाबरवू नका.

लेथ_नंबर_चार · १०.४१
उद्यमबागेत काम म्हणजे मशीनच्या आवाजानेच. माझंही तसंच झालंय, कापूस घालत जा.

शुद्ध_स्वर · १०.४५
मशीनचा आवाज वर्षानुवर्षं कुरतडतो, बहुतेक दोन्ही कान. एका रात्रीत एकच कान जात नाही. आणि कापसाने आवाज अडत नाही, प्लग मागून घ्या.

उद्यमबाग_शिफ्ट · बुधवार, दुपारी ४.०५
रजा टाकून गेलो. कान-नाक-घशाची पाटी शोधत दोनदा दवाखान्यासमोरून गेलो. पाटीवर कानडीत किवी, मूगु, गंटलु.

सीमाभाग_जागा_हो · ४.०९
हाच तर मुद्दा आहे! पाट्यांवर मराठी किती, यावर स्वतंत्र धागाच काढायला हवा.

मास्तर_निवृत्त · ४.११
काढा की, पण दुसरीकडे. कानाला डॉक्टर काय म्हणाले?

उद्यमबाग_शिफ्ट · ४.२०
मळ थोडा होता, काढला, फरक शून्य. पडदा चांगला आहे. बंद खोलीत बसवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. डाव्याला पटापट दाबलं. उजव्याला इतका वेळ काही आलंच नाही की मला वाटलं मशीन बंद पडलं, म्हणून काचेतून त्या मुलीकडे बघितलं. ती बटणं दाबतच होती. नसेचंच आहे. गोळ्या आजपासून, दहा दिवसांनी परत चाचणी. एमआरआय पण सांगितलाय. येईल का परत, विचारलं तर बघू म्हणाले. शुगर आहे का विचारलं, आहे म्हटलं, सहा वर्षं झाली.

निपाणीची_सून · ४.२२
अहो, वय विचारलं तेव्हाच हे सांगायचं ना!

उद्यमबाग_शिफ्ट · ४.२४
प्रश्न कानाचा होता.

शुद्ध_स्वर · ४.३०
या गोळ्यांनी शुगर चढते. घरी मशीन असेल तर रोज मोजा, शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. गोळ्या मनाने सोडू नका, कमी-जास्तही करू नका. तोपर्यंत मशीनवर गेलात तर डाव्या कानाला प्लग लावूनच.

उद्यमबाग_शिफ्ट · ४.३३
केला फोन. डाव्या कानाला लावून. सवय नाही, मोबाईल दोनदा उजव्याला गेला.

जांबोटी_मध · ४.५०
गोळ्या संपल्या की लसूण करून बघा.

चोर्ला_नको_रे · ५.०२
साखळीत चहा कुठे घेतला होता?

उद्यमबाग_शिफ्ट · ५.१०
स्टँडसमोर. भजी घेऊ नका.