पाटातल्या वाळूच्या चालत्या नळ्या घरी जगवायच्या कशा?

पोफळीकार, सत्तरी (गोवा)
कुळागरात (पोफळीच्या बागेत) व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी पाटाने येतं. पाटातल्या दगडांवर वाळूच्या सेंटिमीटरभर नळ्या दिसतात, त्यातून डोकं आणि सहा पाय बाहेर काढून अळी चालते. बाटलीत आणल्या की दुसऱ्या दिवशी अळ्या नळीबाहेर येऊन मरतात. काय चुकतं? नळी बांधताना बघायची आहे.

व्हाळवाट
या कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाच्या अळ्या. पोट लाटेसारखं हलवून त्या नळीतून पाणी खेळवतात, पण बाटलीतल्या पाण्यात प्राणवायूच उरला नाही तर घर सोडतात. पसरट ट्रे घ्या, व्हाळाचंच पाणी पाचेक सेंटिमीटर, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) रात्रंदिवस चालू, ऊन अजिबात नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतं. पाच लिटरला पाच-सहा अळ्या पुरे. खायला शेवाळाची साय धरलेले दगड आणि पाण्यात पडून काळी, मऊ झालेली पानं. ताज्या पानाला त्या सहसा तोंड लावत नाहीत.
पोफळीवर कोळेरोगासाठी (फळं कुजवणाऱ्या बुरशीसाठी) बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारलं असेल तर फवारणीच्या वरच्या बाजूचं पाणी आणा. त्यातलं तांबं या अळ्यांना सोसत नाही.

रेतीकण
बांधकाम बघायला अळी ओढून काढू नका, हात जोडून सांगतो. शेपटाकडच्या दोन आकड्यांनी ती आतून घर धरून असते, ओढलं की पोट फाटतं. ती आत गेली की नळीच्या तोंडाकडची थोडी कड बारीक कात्रीने कापा. वाढ त्याच टोकाला होते, म्हणून ती तिथेच डागडुजी करते. अर्धा ते एक मिलिमीटरचा चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चुरा द्या, पण गढूळपणा जाईपर्यंत धुऊन. बारीक माती कल्ल्यांवर बसते. मग भिंगातून बघा: पुढच्या पायांत एकेक कण फिरवून बसतो का पाहते, नाही बसला तर टाकते, बसला की तोंडाजवळून निघणाऱ्या रेशमाने आतून सांधते. जुन्या नळीला लाल चिऱ्याची कड लागलेली स्पष्ट दिसते.
दोन्ही तोंडं बंद आणि दगडाला चिकटलेली नळी असेल तर आत कोश आहे, तिला हात लावू नका.

व्हाळवाट
गोगलगायीसारखी वळलेली वाळूची नळी दिसली तर तीही कॅडिसच, हेलिकोसायकी नावाच्या प्रजातीची. १८३४ मध्ये आयझॅक ली यांनी तशीच एक नळी गोगलगाय म्हणून नोंदवली होती.
म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यातून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. पाटातल्या अळ्या बघून झाल्या की त्याच दगडाखाली सोडा.