ब्रेकअवे पकडला जाणार हे माहीत असताना रायडर का पळतात? आणि पेलोटन त्यांना लगेच का पकडत नाही?

घाटवाट

नमस्कार मंडळी. अलीकडे टूर द फ्रान्सचे स्टेज (रोजचे टप्पे) पहिल्या किलोमीटरपासून बघायला लागलोय, आधी फक्त शेवटचा तासभर बघायचो. आता पूर्ण बघतो तर एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये. सपाट स्टेजला सुरुवातीलाच तीन-चार जण सुटतात (हाच ब्रेकअवे किंवा ब्रेक), दिवसभर वारा अंगावर घेत पुढे मर मर मरतात आणि शेवटच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये पेलोटन, म्हणजे मागचा मुख्य घोळका, येऊन त्यांना गिळून टाकतो. रोज हेच. मग जातात कशाला? आणि दुसरं म्हणजे पेलोटनमध्ये दीडशेच्या वर लोक आहेत, त्यांना पकडायचंच असेल तर तीन मिनिटं, चार मिनिटं गॅप होऊच का देतात, सुरुवातीलाच का नाही दाबून टाकत? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज, कॉमेंट्रीवाले हे सगळं आपल्याला माहीतच आहे असं धरून बोलतात.

मागचं_चाक

प्रश्न आवडला, कारण सायकल रेसिंगचं अर्धं राजकारण यातच आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. लगेच पकडलं तर काय होईल? पुन्हा नवे चार जण सुटतील, ते पकडले की आणखी चार. प्रत्येक अटॅकमागे धावायचं म्हणजे दिवसभर वेड्यासारखा स्पीड, आणि स्प्रिंटरच्या (रेषेजवळच्या वेगवान धावेत जिंकणाऱ्यांच्या) टीमना ते नको असतं. त्यापेक्षा परवडतील असे चार जण जाऊ द्यायचे आणि त्यांना पतंगासारखी ढील देत राहायची, दोर मात्र हातात. म्हणजे ब्रेक 'सुटतो' असं आपल्याला दिसतं, पण बऱ्याचदा त्याला सोडलेलं असतं. स्टेजचा पहिला तास बघत जा, सगळ्यात भारी भाग तोच. दहा जण सुटतात, त्यात कोणी जीसीमध्ये (एकूण वेळेच्या क्रमवारीत) चार मिनिटांवर असलेला निघाला की पिवळ्या जर्सीची, म्हणजे एकूण पहिल्या असलेल्याची, टीम ओढून परत आणते. किंवा एखाद्या मोठ्या टीमचा माणूसच त्यात नसला तर ती टीम चिडून चेस (पाठलाग) करते. असं होत होत एक कॉम्बिनेशन सगळ्यांना चालतं, मग पुढचे लोक रस्ताभर आडवे पसरतात, पिवळ्या जर्सीवाला लघवीला थांबतो, आणि सगळ्यांना कळतं की आजचा ब्रेक ठरला.

आता पकडणं शक्य का होतं, तर हवा. २०१८ साली बर्ट ब्लोकेन यांच्या टीमने १२१ रायडरच्या पेलोटनचा अभ्यास केला होता, त्यात मधल्या-मागच्या भागातल्या रायडरवर हवेचा अडथळा एकट्या रायडरच्या फक्त ५ ते १० टक्के निघाला. ब्रेकमध्ये चार जण असतील तर प्रत्येकाला दर थोड्या वेळाने पुढे येऊन वारा खायचाच आहे, पेलोटनमध्ये शंभरावर माणसं पाय न दुखवता बसलेली असतात आणि चेसला ताजे गडी एकामागून एक पुढे पाठवता येतात.

यावर एक जुना ठोकताळा आहे, फ्रेंच कॉमेंटेटर रोबेर शापात यांचा, ते स्वतः रायडर होते. जोर लावलेला पेलोटन १० किलोमीटरला १ मिनिट परत मिळवतो. गणित करून बघा, ब्रेक ४६ च्या स्पीडने जातोय तर १० किलोमीटरला १३ मिनिटं, पेलोटन ५० ने येतोय तर १२ मिनिटं. फरक फक्त ४ किलोमीटर प्रतितासाचा. म्हणून ३० किलोमीटर उरले आणि गॅप २ मिनिटांचा असेल तर पेलोटन निवांत असतो. लवकर पकडायचंही नसतं बरं का, ४० किलोमीटर आधी पकडलं की परत नवे अटॅक सुरू. त्यासाठी प्रत्येक स्प्रिंटर टीम आपला एकेक दणकट गडी पुढे लावते. टिम डेक्लेर्क तर क्विकस्टेपसाठी तासन् तास पेलोटनच्या तोंडाला बसायचा, त्याचं टोपणनावच ट्रॅक्टर पडलं होतं. ह्या माणसांना कधी बक्षीस मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सपाट_रस्ता

वरचं सगळं बरोबर, पण पहिला प्रश्न राहिला, जातात कशाला.

छोट्या टीमला दिवसभर टीव्हीवर जर्सी दिसणं हीच कमाई असते, स्पॉन्सर त्यासाठीच पैसे देतो. शिवाय घाटाचे पॉइंट, मधल्या स्प्रिंटचे पॉइंट, लढवय्या रायडरचा पुरस्कार. आणि एक कारण नव्या प्रेक्षकाला दिसत नाही, ते म्हणजे आपला माणूस पुढे असला की आपल्या टीमला मागे चेस करावा लागत नाही. 'आमचा गडी पुढे आहे, तुम्ही ओढा' असं सांगून सात जण आरामात बसतात.

पण मला मुख्य म्हणायचंय ते हे की ब्रेक नेहमी हरतो हे खरं नाही. पेलोटनचं गणित पायांवर जितकं चालतं तितकंच मर्जीवर. चेसचा खर्च कोणी करायचा यावर एकमत झालं नाही की गणित मोडतं.

२०२३ च्या टूरचा १८ वा स्टेज शोधून बघा, मुतिए ते बूर-ऑं-ब्रेस. शंभर टक्के स्प्रिंटरचा दिवस. कॅस्पर आस्ग्रीन, विक्टर कॅम्पेनार्ट्स आणि योनास आब्राहमसेन पुढे, गॅप दिवसभर अगदी कमी, बघणाऱ्याला वाटावं आत्ता पकडतील मग पकडतील. नंतर कॅम्पेनार्ट्सच्याच टीमचा पास्कल एन्कहूर्न मागून सुटून त्यांना जाऊन मिळाला. इथे खरी मजा. एका टीमचे दोन जण झाले म्हणून कॅम्पेनार्ट्सला स्वतःच्या जिंकण्याची काळजी उरली नाही, त्याने जीव तोडून ओढलं, पार रिकामा होईपर्यंत. मागे काय चाललं होतं, तर स्प्रिंटर फिलिप्सनने त्या टूरमध्ये आधीच चार स्टेज जिंकलेले, मग बाकी टीमनी त्याला पाचवा जिंकून द्यायला आपली माणसं का जाळायची? आदल्या दिवशी आल्प्समधला सगळ्यात क्रूर स्टेज झालेला, पाय सगळ्यांचेच संपलेले. पेलोटन अगदी पाठीला येऊन चिकटला आणि तरी आस्ग्रीन पहिला, एन्कहूर्न दुसरा, आब्राहमसेन तिसरा, फिलिप्सन चौथा. मी त्या दिवशी खुर्चीवर बसूच शकलो नाही.

घाटवाट

वा, फार छान समजावलंत दोघांनी. आता पुढचा प्रश्न. ब्रेकमधले लोक एकमेकांचे प्रतिस्पर्धी, तरी आळीपाळीने पुढे येऊन ओढतात. मग शेवटी कोणी तरी ओढायचं बंद करतोच की. ते कधी करायचं हे कसं ठरवतात? आणि सुरुवातीपासून फुल ताकदीने का जात नाहीत, चार मिनिटांऐवजी दहा मिनिटं गॅप करून टाकायचा ना.

मागचं_चाक

दहा मिनिटं केले तर पेलोटन घाबरून लवकर चेसला लागतो. म्हणून हुशार ब्रेक मधल्या टप्प्यात मुद्दाम हळू जातो, गॅप तीन मिनिटांच्या आसपास राहू देतो आणि पाय वाचवतो, आणि मागून चेस सुरू झाला की तेव्हा गिअर टाकतो. पेलोटनला वाटतं आता आले हातात, पण गॅप कमीच होत नाही. थॉमस डे गेंट हे ज्या पद्धतीने करायचा तसं फार थोड्यांना जमलंय. २०१९ ला सॅंत-एतिएनचा स्टेज, २०० किलोमीटर, तो पहिल्यापासून पुढे, एकेक साथीदार गळत गेला, शेवटच्या चढावर मागून आलाफिलिप आणि पिनो तुटून पडले आणि तरी हा सहा सेकंदांनी जिंकला. सहा सेकंद! दुपारभर कुठे तरी थोडे पाय वाचवले होते म्हणूनच ते उरले.

ओढायचं कधी थांबवायचं हा मात्र सगळ्यात अवघड निर्णय, पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. लवकर थांबलं तर सगळेच पकडले जातात, उशिरा थांबलं तर दुसऱ्याला फुकट लीडआउट, म्हणजे आपल्या मागे बसून तो ताज्या पायांनी स्प्रिंट मारणार. २०१४ चा नीमचा स्टेज आठवतो, जॅक बाउअर आणि मार्टिन एल्मिगर दोघंच, २२२ किलोमीटरचा स्टेज. शेवटी दोघं एकमेकांना जोखत होते, बाउअर आधी उठला स्प्रिंटला, रेष समोर दिसतेय आणि अगदी शेवटच्या काही मीटरमध्ये पेलोटन दोन्ही बाजूंनी निघून गेला. क्रिस्टोफ जिंकला, बाउअर दहावा. रस्त्यावर बसून रडला बिचारा.

आणि उलटं उदाहरण २०१५ चा मांदचा स्टेज. पिनो आणि बार्दे, दोघं फ्रेंच, दोघंही मोठे, चढ संपल्यावर एकमेकांकडे बघत बसले आणि मागून स्टीव्ह कमिंग्ज थांबलाच नाही, बाजूने सरळ निघून गेला. आफ्रिकेत नोंदवलेल्या टीमचा टूरमधला पहिला विजय तो, आणि नेमका मंडेला दिनाला.

चढण_प्रेमी

दादा, तुम्ही सगळे सपाटीवरच अडकलात :) डोंगराच्या स्टेजला ब्रेकमध्ये माणूस पाठवायचं कारण कधी कधी पूर्ण वेगळं असतं, तो जिंकायला गेलेलाच नसतो.

२०२५ च्या जिरोचा (इटलीतली मोठी रेस, तिथे एकूण पहिल्याची जर्सी गुलाबी) २० वा स्टेज घ्या. व्हिस्मा टीमने वाउट व्हान आर्टला सकाळीच ब्रेकमध्ये पाठवलं. सगळ्यांना वाटलं स्टेज मारायला गेलाय. मग कोल्ले देल्ले फिनेस्त्रेच्या चढावर सायमन येट्सने अटॅक केला, मागे गुलाबी जर्सीतला देल तोरो आणि कारापाझ, तू ओढ, नाही तू ओढ, करत एकमेकांकडे बघत राहिले. येट्स एकटाच वर पोचला, उतरून खाली आला तर व्हान आर्ट थांबलेलाच. पुढचा रस्ता सेस्त्रिएरेकडे जाणारा, तिथे एकट्याला वारा मारतो, पण येट्सला व्हान आर्टचं चाक मिळालं. तिथेच जिरो संपला, गुलाबी जर्सी येट्सची. आणि हा तोच फिनेस्त्रे जिथे २०१८ ला येट्सची गुलाबी जर्सी गेली होती, फ्रूम ८० किलोमीटर आधी सुटला होता त्या दिवशी. मला तो प्रसंग आठवला की अजून भरून येतं. स्टेज मात्र ब्रेकमधल्याच ख्रिस हार्परने मारला.

तसंच २०२२ टूर, ओताकाम. पुन्हा व्हान आर्ट, पुन्हा सकाळपासून पुढे, आणि शेवटच्या चढावर त्याने असं ओढलं की पोगाचार मागे पडला, व्हान आर्टच्याच टीमचा विंगेगोर एकटा पुढे.

आणि महिलांच्या रेसबद्दल कोणीच का नाही बोललं? टोकियो ऑलिम्पिकची रोड रेस. ऑस्ट्रियाची ॲना कीसेनहोफर, गणितात डॉक्टरेट, त्या वेळी कुठल्याच व्यावसायिक टीममध्ये नव्हती. पहिल्या किलोमीटरला अटॅक, पाच जणींचा ब्रेक, गॅप दहा मिनिटांच्या वर गेला, शेवटचे ४० किलोमीटर एकटीच. मागे नेदरलँड्सच्या चौघी, जगातल्या सगळ्यात तगड्या. ऑलिम्पिकला टीमशी बोलायचा कानातला रेडिओ नसतो, त्यांना वाटलं सगळ्यांना पकडलं. त्यांच्यातल्या व्हान फ्लॉयटनने रेष ओलांडून हात वर केले आणि मग कळलं की सोनं केव्हाच गेलंय.

मागचं_चाक

ताई, टोकियोचं उदाहरण जबरदस्त, पण सगळं रेडिओवर टाकू नका. रेडिओ असूनही हे झालंय. २००१ ला पोंतार्लिएच्या स्टेजला १४ जणांचा ब्रेक पेलोटनपुढे जवळजवळ ३६ मिनिटांनी पोचला होता, त्यातला किविलेव्ह पॅरिसला एकूण चौथा आला. २००६ ला पेरेइरोला एका दिवसात जवळजवळ अर्धा तास दिला, पिवळी जर्सीच त्याच्याकडे गेली, आणि पुढे विजेता लँडिस डोपिंगमुळे बाद झाल्यावर ती टूरच त्याच्या नावावर झाली. टोकियोतही नेदरलँड्सला सोडून कोणाला चेस करायची इच्छा नव्हती, सगळ्या म्हणत होत्या तुमच्याकडे चौघी आहेत, तुम्ही ओढा. आणि कीसेनहोफरचे पाय विसरू नका, तासाभराहून जास्त एकटीने तो स्पीड टिकवणं म्हणजे खायचं काम नाही.

घाटवाट

मस्त. आता शेवटचं, पुढच्या स्टेजला टीव्हीवर नेमकं बघू काय? ब्रेक वाचणार की नाही हे आधी कशावरून ओळखायचं?

सपाट_रस्ता

पेलोटनच्या तोंडाला किती रंगांच्या जर्सी आहेत ते बघा. तीन-चार टीम मिळून ओढत असतील तर ब्रेकचं काही खरं नाही, एकच टीम असेल तर आशा धरा. मग वारा, शेवटच्या टप्प्यात समोरून असेल तर छोट्या ग्रुपचे हाल, मागून असेल तर ड्राफ्टिंगचा (दुसऱ्याच्या मागे राहून हवा टाळण्याचा) फायदा कमी होतो आणि ब्रेक टिकतो. अरुंद वळणावळणाचे रस्ते आणि गावातली गोल चौकं ब्रेकच्या फायद्याची, कारण पेलोटन लांबलचक होतो आणि प्रत्येक वळणानंतर मागच्यांना पुन्हा स्पीड उचलावा लागतो. गॅप साधारण एक मिनिटाच्या खाली आला की ब्रेक आणि पेलोटनच्या मधल्या टीमच्या गाड्या काढून घेतात, ते दिसलं की ब्रेकमधल्या प्रत्येकाचा चेहरा बघा. कोण अजून सरळ टर्न (पुढे येऊन ओढायची पाळी) घेतोय आणि कोण मागे वळून बघायला लागलाय. मागे बघणारा बहुतेक वेळा पुढच्या पाच किलोमीटरमध्ये एकट्याने अटॅक करतो.